पहाटेची पोटदुखी, जड पापण्या: खूण न दिसलेल्या मण्यारदंशाचं एक प्रकरण

जुलै महिना, भातलावणीचे दिवस. पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी डोंगराळ तालुक्यातल्या 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात 32 वर्षांच्या शेतमजूर बाईला जीपमधून आणलं. वजन अंदाजे 48 किलो. तक्रार एकच: रात्री 3 च्या सुमारास पोटात कळ येऊन जाग आली, तेव्हापासून दुखणं थांबलेलं नाही, दोनदा उलटी झाली. सासूने ओवा-मीठ देऊन पाहिलं होतं. ताप नाही, जुलाब नाही, पाळी वेळेवर आलेली, आधीचा कुठलाही आजार नाही.

(हे प्रकरण कोणा एका रुग्णाचं नाही. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयांत हा आजार ज्या क्रमाने उलगडतो, त्यावरून ते अभ्यासासाठी रचलं आहे. औषधांच्या मात्रा मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.)

नाडी 116, रक्तदाब 160/100, श्वास मिनिटाला 20, ऑक्सिजन 98 टक्के, साखर 132. पोट मऊ, कुठेही दाबलं तरी दुखणं वाढत नाही. ईसीजीत ठोके वेगवान, बाकी काही नाही. केसपेपरवर 'जठरदाह' लिहिलं गेलं. पॅन्टोप्रॅझोल (आम्ल कमी करणारं) आणि डायसायक्लोमिन (पोटातली कळ थांबवणारं) यांची इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं आणि बाईला निरीक्षणासाठी खाटेवर झोपवलं.

याच वेळी दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. रुग्ण पोट धरून कळवळतोय आणि पोट मात्र लोण्यासारखं मऊ, हा मेळ बसत नाही. शिवाय धडधाकट तरुण बाईचा रक्तदाब 160/100 कशाने? दुखण्याने थोडा वाढतो हे खरं, पण या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या आणि दिवस पावसाळ्याचे असले, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: काल रात्री कुठे झोपला होतात? तो विचारला गेला नाही. डायसायक्लोमिननेही घोळ वाढवला. त्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, नाडी वाढते. मग पुढे यातलं काहीही दिसलं, तरी ते औषधामुळे की विषामुळे हे सांगणं अवघड होतं.

पापण्या

5:40 ला सिस्टर सलाईन बघायला आल्या. बाई अर्धवट डोळे मिटून पडली होती. "ताई, डोळे उघडा बरं." बाईने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर ओढल्या, हनुवटी उचलून मान मागे टाकली. पापण्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. सासू म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिच्या, सिस्टर. झोपू द्या जरा." सिस्टरने अंगठा भुवईवर आडवा धरून कपाळाची मदत थांबवली आणि पुन्हा वर बघायला सांगितलं. पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर हलली.

हे सगळं अर्ध्या मिनिटाचं काम, आणि अख्ख्या प्रकरणाची दिशा त्यानेच बदलली. झोपाळलेल्या माणसाला हाक मारली की पापण्या उघडतात, कपाळ शांत असतं. पापणीचा स्नायूच लुळा पडला असेल, तर माणूस कपाळाने पापणी उचलू पाहतो. आठ्या पडलेलं कपाळ आणि त्याखाली मिटलेले डोळे दिसले, तर ती झोप नव्हे.

डॉक्टर मॅडमना बोलावणं गेलं. त्यांनी आधी सासूला विचारलं, "आजी, रात्री ही कुठे झोपली होती?"

"खालीच की, जमिनीवर. खाटेवर म्हातारा असतो. ही आणि पोरगा खाली झोपतात, भिताडाकडेला."

भिंतीला लागून सरपण आणि पेंढा रचलेला होता, घर कौलारू, बाहेर दोन दिवसांचा पाऊस. साप कोणी पाहिला नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत शोधूनही चावल्याची खूण मिळाली नाही, ना सूज, ना दुखरी जागा.

मण्यारदंशाचं चित्र असंच असतं. मण्यार रात्री फिरतो. उंदीर, पाली, इतर साप यांच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय अंगावर पडला की चावतो. दात इतके बारीक की अनेकांना जागही येत नाही, आली तरी मुंगी चावली असं वाटतं. नाग चावल्यावर जागा दुखते, सुजते, काळी पडते. घोणस चावल्यावर तर सूज चढत जाते. मण्यार चावलेली जागा बहुतेकदा कोरी असते. विष भिनल्याची पहिली खूण पोटात उठते, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सांधे दुखतात, आणि काही तासांत पापण्यांपासून सुरू झालेला लुळेपणा खाली उतरतो: डोळ्यांची हालचाल, जबडा, जीभ, गिळणं, मान, छाती, शेवटी हातपाय.

साप मारून आणलेला असला तरी ओळख पक्की धरू नये. कवड्या हा बिनविषारी साप मण्यार समजून मारला जातो आणि उलटही होतं. मण्यारच्या पाठीवरचे पांढरे पट्टे बारीक, जोडीजोडीने असतात, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी असतात. तरीही उपचार लक्षणांवर ठरवायचे, सापावर नाही.

निदान पक्कं कशावरून केलं

5:45 ते 5:55 या दहा मिनिटांत मॅडमनी दुसऱ्या शक्यता तपासल्या. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, नाडी सहसा मंदावते. इथे बाहुल्या मोठ्या, नाडी वेगवान, अंगाला वास नाही. गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजारात लुळेपणा बहुधा पायांकडून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात शुद्ध हरपते किंवा एक बाजू जाते. ही बाई पूर्ण शुद्धीत होती, दोन्ही बाजू सारख्या. बॉट्युलिझम (दूषित अन्नातून होणारी विषबाधा) मण्यारसारखाच वरून खाली उतरतो, पण एवढ्या वेगाने क्वचितच, आणि घरातल्या कोणालाच खाण्याचा त्रास झालेला नव्हता. एका रात्रीत, शुद्धीतल्या माणसात, डोळ्यांपासून खाली उतरणारा लुळेपणा, तोही पावसाळ्यात जमिनीवर झोपल्यावर: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हा मण्यारच.

20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावली. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मि.ली. रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करून पाहायची. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त उशिरा गोठतं आणि घोणसचा भास होतो. या बाईचं रक्त गोठलं. मण्यारमध्ये गोठणारच. 'चाचणी नॉर्मल आहे, म्हणजे विषारी साप नाही' हे वाक्य अजूनही ऐकू येतं, आणि ते माणसं मारतं. ही चाचणी घोणस आणि फुरशासाठी आहे. मण्यार आणि नागाबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणूनच निकालासाठी एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) थांबवून ठेवलं नाही.

तोंडाने काहीही द्यायचं नाही, कडेवर झोपवायचं, सक्शन (लाळ ओढून घेणारं यंत्र) उशाशी चालू ठेवायचं, हे लगेच झालं. एक कागद खाटेला लावून दर 15 मिनिटांनी पाच गोष्टी लिहायला सुरुवात केली: पापण्यांमधली फट मिलिमीटरमध्ये, जीभ दातांच्या बाहेर येते का, थुंकी गिळता येते का, उशीवरून मान किती सेकंद उचलून धरता येते, आणि एका दमात आकडे कुठपर्यंत मोजता येतात. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. पूर्ण श्वास घ्यायला लावायचा आणि सेकंदाला साधारण दोन या गतीने मोठ्याने मोजायला सांगायचं. निरोगी माणूस तिशीपर्यंत सहज जातो.

5:55 ला बाई 22 पर्यंत मोजू शकली. पापण्यांची फट 4 मि.मी., मान 6 सेकंद.

एएसव्ही

6:05 ला एएसव्ही सुरू झालं. भारतात मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. भुकटीच्या दहा व्हायल (कुप्या), प्रत्येकीत 10 मि.ली. निर्जंतुक पाणी. व्हायल तळहातात गोल फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. दहा व्हायल एकट्याने विरघळवायला वेळ फार लागतो, म्हणून दोघांनी बसायचं. सगळं मिळून 400 मि.ली. नॉर्मल सलाईनमध्ये, तासाभरात संपेल अशा वेगाने. त्वचेवर चाचणी मात्रा द्यायची नाही. तिच्यावरून रिअॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. मुलांनाही व्हायल तेवढ्याच लागतात, कारण सापाने सोडलेलं विष माणसाच्या वजनावर ठरत नाही. मुलांमध्ये फक्त सलाईन कमी घ्यायचं.

सलाईन सुरू करण्याआधी अॅड्रेनलिनची सिरिंज भरून खाटेवर ठेवली: 1:1000 चं 0.5 मि.ली. रक्तदाब आधीच चढा असल्याने प्रतिबंधक मात्रा दिली नाही, पण सिरिंज हाताशी हवीच. 6:20 ला बाईला खोकला आला आणि रक्तदाब 96/60 वर उतरला. पदर बाजूला करून पाहिलं तर कमरेवर आणि काखेत पित्ताच्या गाठी उठलेल्या. जीभ जड झालेला रुग्ण 'खाज सुटली' म्हणू शकत नाही. कपडे सरकवून त्वचा बघणं हे उपचार करणाऱ्यांचं काम आहे. एएसव्ही थांबवलं, अॅड्रेनलिन 0.5 मि.ग्रॅ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं, सलाईन जोरात सोडलं. दहा मिनिटांत रक्तदाब 124/80 झाला. 6:35 ला एएसव्ही आधी हळू, मग पूर्ववत चालू केलं. अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अॅलर्जीवरची औषधं नंतर दिली तरी चालतं. रिअॅक्शनमध्ये जीव वाचवतं ते अॅड्रेनलिन, आणि अनेक ठिकाणी नेमकं तेच शेवटी आठवतं. रिअॅक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचं बंद करणं, हीसुद्धा नेहमी होणारी चूक.

दरम्यान निओस्टिग्मिनचा प्रयोग सुरू होता. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेणारं रसायन हे औषध मोडू देत नाही. 6:00 ला आधी अॅट्रोपिन 0.6 मि.ग्रॅ. आणि त्यावर निओस्टिग्मिन 1.5 मि.ग्रॅ. शिरेतून, मग 6:30 आणि 7:00 ला 0.5 मि.ग्रॅ., प्रत्येक वेळी अॅट्रोपिनसोबत. नागाचं विष स्नायूच्या बाजूचे, हे रसायन झेलणारे ग्राहक अडवतं, त्यामुळे निओस्टिग्मिनने पापण्या डोळ्यांदेखत उघडतात. मण्यारचं मुख्य विष मज्जातंतूच्या टोकातच शिरतं आणि ते टोक आतून मोडतं. तिथे पोहोचवायला रसायनच उरत नाही, तर निओस्टिग्मिन वाचवणार काय? तिसऱ्या मात्रेनंतरही फट 4 वरून 2 मि.मी. झालेली होती. औषध बंद केलं. प्रयोग करावा, कारण साप दिसलेला नाही आणि नाग असता तर मोठाच फायदा झाला असता. पण गुण नसताना ते देत राहण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेप्रमाणे कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मि.ली. शिरेतून सावकाश दिलं, दर सहा तासांनी द्यायचं ठरलं. त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही, इतकंच लक्षात असू द्यावं.

श्वास

मण्यारच्या रुग्णाला वाचवतो तो श्वास, एएसव्ही नाही. एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडतं. मोडलेली मज्जातंतूंची टोकं ते दुरुस्त करू शकत नाही. ती शरीर स्वतः नव्याने उभारतं आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस कोणीतरी रुग्णासाठी श्वास घेत राहिलं, तर माणूस बहुधा पूर्ण बरा होऊन घरी जातो.

कागदावरचे आकडे असे उतरत गेले: 6:10 ला 17, 6:25 ला 12, 6:40 ला 8. मान उशीवरून उठेना. घशात लाळ साचून घरघर सुरू झाली. ऑक्सिजन मात्र 97 टक्के. या 97 ने अनेकांना फसवलं आहे. मास्कमधून ऑक्सिजन चालू असताना श्वास उथळ झाला तरी हा आकडा बराच वेळ टिकतो, आतल्या आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि आकडा पडायला लागतो तेव्हा हातात थोडीच मिनिटं उरलेली असतात. श्वासनलिकेत ट्यूब टाकायचा निर्णय 8 या आकड्यावर, लोळणाऱ्या मानेवर आणि साचलेल्या लाळेवर घ्यायचा असतो.

6:45 ला ट्यूब टाकली. भुलीसाठी केटामिन 50 मि.ग्रॅ. शिरेतून. स्नायू सैल करणारं औषध दिलं नाही, जबडा आधीच सैल होता. सात नंबरची ट्यूब, दातांपाशी 21 सें.मी. दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी, पोटावर आवाज नाही. ट्यूब डाव्या-उजव्या गालाला चिकटवली आणि खूण डायरीत लिहिली.

रुग्णालयात व्हेंटिलेटर नव्हता. हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग होती, आणि मण्यारसाठी पहिले काही तास ती पुरते. एका हाताने, छाती किंचित वर येईल एवढंच दाबायचं, दर 5-6 सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस जोरजोरात आणि भराभर दाबतो. मग छातीत हवा कोंडते, हृदयाकडे रक्त परतत नाही आणि रक्तदाब घसरतो. बाईच्या दिराला शेजारी बसवून ही लय शिकवली, सिस्टर आणि वॉर्डबॉय पाळीपाळीने बसले.

ट्यूब न टाकता, एका दमातली मोजणी 12 वर आलेली असताना, 'पुढे न्या' म्हणून रुग्णाला दीड तासाच्या घाटात पाठवणं हे सगळ्यात घातक. अशी माणसं गाडीत, नातेवाइकांच्या मांडीवर जातात. ही बाई 7:40 ला 108 च्या रुग्णवाहिकेतून निघाली ती ट्यूब, सक्शन आणि ऑक्सिजनचा हिशेब सोबत घेऊन. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतात. मिनिटाला 10 लिटरने ते अडीच तास पुरतात, म्हणून दुसरा सिलिंडरही गाडीत चढवला. चिठ्ठीवर एएसव्हीची वेळ आणि व्हायल, रिअॅक्शन, निओस्टिग्मिनचा निकाल, ट्यूबचा नंबर आणि खोली लिहिली होती, आणि तळाशी अधोरेखित केलेलं वाक्य: 'रुग्ण शुद्धीत आहे, तिला सगळं ऐकू येतं.'

आयसीयूतले पाच दिवस

जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत डोळे पूर्ण स्थिर, बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला प्रतिसाद नाही, हातपाय निर्जीव. मेंदू मृत झाल्याचं चित्र हुबेहूब असंच दिसतं. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना 'काही उरलं नाही' असं सांगितलं गेल्याची आणि व्हेंटिलेटर काढण्याची चर्चा झाल्याची उदाहरणं आहेत. मण्यारमध्ये हे लुळ्या स्नायूंचं चित्र असतं. मेंदू शाबूत असतो. या बाईच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा किंचित हलत होता. 'हो' म्हणजे एकदा, 'नाही' म्हणजे दोनदा, असं ठरवून तिच्याशी बोलणं सुरू ठेवलं. दुखणं आणि भीती दोन्ही पूर्ण जाणवत असतात, म्हणून वेदनाशामक आणि हलकं गुंगीचं औषध चालू ठेवलं. डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीने मिटवल्या, नाहीतर बुबुळ सुकून जखम होते.

एएसव्हीचा दुसरा आणि शेवटचा हप्ता, दहा व्हायल, 9:15 ला. पहिला हप्ता संपल्यानंतर तासाभरातही लुळेपणा वाढतच होता म्हणून तो दिला. मण्यारमध्ये एकूण 20 च्या पुढे जाऊ नये. 1 मि.ली. एएसव्ही मण्यारचं 0.45 मि.ग्रॅ. विष निकामी करतं, म्हणजे दहा व्हायल 45 मि.ग्रॅ. आणि वीस व्हायल 90. पापण्या उघडत नाहीत म्हणून 30-40 व्हायल रिकाम्या करणं यात रुग्णाचा फायदा शून्य, आणि दुसऱ्या दिवशी फुरसं चावून आलेल्या माणसासाठी कपाट रिकामं असतं.

पोटॅशियम 2.9 निघालं. मण्यारमध्ये ते बरेचदा खाली येतं आणि लुळेपणात भर घालतं, हृदयाची लयही बिघडवू शकतं. ते भरून काढलं, सोडियमवर लक्ष ठेवलं. रक्तदाब पहिले दोन दिवस वर-खाली होत राहिला, त्याच्या मागे औषधं घेऊन धावावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी भुवई हलली, चौथ्या दिवशी बोटं. पाचव्या दिवशी मान पाच सेकंद उचलून धरली, खोकला जोरकस झाला, आणि ट्यूब काढली. मान उचलता येण्याआधी ट्यूब काढली तर रात्रीतून पुन्हा टाकावी लागते.

मुलगा

पहाटेच्या गडबडीत एक गोष्ट जवळजवळ राहून गेली होती. त्याच अंथरुणात, आईच्या कुशीत सहा वर्षांचा मुलगा झोपला होता. एकच मण्यार एका रात्रीत शेजारी झोपलेल्या दोघा-तिघांना चावल्याचं अनेकदा दिसतं, आणि मूल पोटदुखी नीट सांगू शकत नाही. 7 वाजता मॅडमनी गाडी पाठवून त्याला आणवलं. पापण्या, घसा, मान, मोजणी सगळं ठीक होतं. त्याला एएसव्ही दिलं नाही, कारण लक्षण नसताना ते द्यायचं नसतं. 24 तास वॉर्डात ठेवलं, रात्री दर तासाला उठवून पापण्या पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी आजोबांबरोबर घरी सोडलं.

बाई आठव्या दिवशी घरी गेली. चावल्याची खूण शेवटपर्यंत सापडली नाही. निदानाच्या रकान्यात 'जठरदाह' खोडून 'मज्जाघातक सर्पदंश, बहुधा मण्यार' लिहिलं, पोलिसांकडे नोंद झाली आणि सर्पदंशाच्या अहवालात आकडा गेला. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य (प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक) करायला सांगितलं आहे. पण पोटदुखी म्हणून आलेली आणि पोटदुखी म्हणूनच दगावलेली माणसं त्या आकड्यात येणार कशी? एएसव्ही कुठे किती ठेवायचं, अंबू बॅग आणि ट्यूब टाकता येणारा माणूस कुठे हवा, हे त्याच आकड्यांवरून ठरतं.

जाताना सासूला आणि तिला दोघींना सांगितलं: पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर ते एएसव्हीचं उशिरा येणारं लक्षण असतं, लगेच यायचं, पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोनने ते जातं. पेंढा आणि सरपण भिंतीपासून दूर. झोपायचं खाटेवर. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायच्या, नुसती सोडलेली मच्छरदाणी साप अडवत नाही.